नादाची पारख

वस्तूची योग्यता तिच्या वजनावरून ओळखावी, हा संस्कार आमच्या पिढीवर लहानपणींच झाला. तांब्याचा हंडा उचलून पाहावा, कुऱ्हाड तळहातावर तोलून पाहावी, पाटा घेतांना तो दोघांनीं मिळून हलवावा. जड लागला म्हणजे पैसे कारणीं लागले असें समजावें. माणसांनाही आम्ही हाच मापदंड लावीत आलों, आणि 'वजनदार गृहस्थ' हा शब्द केवळ स्तुतीसाठीं राखून ठेवला. अशा आम्हांस गेल्या पौषांत एका अतिशय हलक्या वस्तूनें जें कांहीं शिकविलें, तें वाचकांपुढें ठेवण्याचा विचार आहे.

आमचें वास्तव्य चंद्रपूर जिल्ह्यांतील मूल या गांवीं. येथून चंद्रपूरकडे जाणारा रस्ता जंगलांतून जातो. गडचिरोलीकडे जाणारा रस्ता धानाच्या बांध्या ओलांडीत वैनगंगेवर उतरतो. या मुलखांत सायकल ही शौकाची वस्तु नव्हे. मानव विकास कार्यक्रमांत मिळालेल्या सायकलींवरून मुली खेड्यांतून शाळेस येतात. त्याच सायकलीवर संध्याकाळीं बापाचें धानाचें पोतें किंवा सरपणाची मोळी येते. आमच्या वडिलांची लोखंडी सायकल अद्याप आमच्या पडवींत उभी आहे. तिचें वजन वीस किलोंच्या आंतबाहेर भरेल, आणि त्या वजनाचा आम्हांस आजवर अभिमानच वाटत आला.

पौषांत आमचा पुतण्या पुण्याहून चार दिवस राहावयास म्हणून आला. बल्लारशास तो गाडींतून उतरला, तेव्हां त्याच्याजवळ कपड्यांची एक लहान पिशवी व एक भली मोठी चपटी पेटी होती. घरीं आल्यावर त्यानें पेटींतून सायकल काढली, चाकें बसविलीं आणि म्हणाला, "काका, उचलून पाहा." आम्हीं सवयीप्रमाणें कंबर सावरली, दोन्ही हात घातले व जोर केला; तों सायकल एकदम छातीपर्यंत आली आणि आमचाच तोल गेला. तिचें सारें वजन साडेसात किलो, आणि त्यांत सांगाड्याचा वांटा एका किलोच्या आसपास! किंमत ऐकून आमच्या सौ. स्वयंपाकघरांत निघून गेल्या. शेजारच्या मिस्त्रीनें येऊन तिला लोहचुंबक लावून पाहिला, तो चिकटेना. "लोखंड नाही, अल्युमिनम नाही, मग काय, प्लास्टिक?" असें तो म्हणाला, तेव्हां पुतण्याचा चेहरा कोणी कुळाचा उद्धार करावा तसा झाला.

खरें पाहतां मिस्त्रीचा प्रश्न अगदींच वावगा नव्हता. ज्या ॲक्रिलिक धाग्याचे स्वस्त स्वेटर हिवाळ्यांत आमच्या आठवडी बाजारांत ढिगानें येतात, त्याच जातीचा धागा हा या कार्बनचा जन्मदाता होय. तो प्रथम हवेंत दोनशें ते तीनशें अंशांपर्यंत ताणून तापवितात. त्यानें त्याचा वितळण्याचा गुण जातो. मग प्राणवायूचा स्पर्श होऊं न देतां नायट्रोजनच्या भट्टींत त्यास हजार अंशांच्या वर नेतात. प्राणवायु नसल्यामुळें धागा जळत नाहीं. त्यांतील इतर मूलद्रव्यें वायुरूपानें निघून जातात व मागें जवळजवळ निव्वळ कार्बन उरतो. मातीखालीं लांकूड कोंडून कोळसा पाडणारा मनुष्य जें करतो, त्याचीच ही शास्त्रशुद्ध आवृत्ति. हा काळा तंतु पांच ते सात मायक्रॉन जाडीचा, म्हणजे केंसाच्या दहाव्या हिश्शाइतका असतो. ओसाका येथील अकिओ शिंदो यांनीं १९६१ च्या सुमारास ॲक्रिलिकपासून तो करण्याची रीत पुढें मांडली. इंग्लंडांत फार्नबरो येथील विमानसंशोधन संस्थेंत त्यास अधिक बळ आलें. आणि १९७१ पासून जपानच्या तोरे कंपनीनें त्याचा व्यापारी माल काढण्यास आरंभ केला.

परंतु सुट्या तंतूंची सायकल होत नाहीं. ते राळेंत भिजवून त्यांचे पातळ पापुद्रे करतात, साच्यांत एकावर एक मांडतात, आंतून फुगा फुगवून दाब देतात व उष्णतेनें राळ घट्ट करतात. सारी कारागिरी मांडणींत आहे. तंतु ज्या दिशेनें जातो त्या दिशेनें त्याचें बळ अचाट. आडव्या दिशेनें जवळजवळ राळेपुरतेंच. म्हणून जेथें नळी वांकूं पाहते तेथें पापुद्रे लांबीनें घालतात, आणि जेथें पायाचा जोर तिला पिळतो तेथें पंचेचाळीस अंशांत तिरपे. पोलादाची नळी सर्व दिशांनीं सारखीच बळकट; नको असेल तेथेंही तिच्यांत बळ असतें आणि त्याचें ओझें स्वारास वाहावें लागतें. येथें जेवढें बळ हवें तेवढें, आणि हवें त्याच दिशेस. शिवाय त्या पदार्थाची घनता पोलादाच्या सुमारें एकपंचमांश. पुतण्याच्या सायकलीचा सांगाडाच नव्हे, तर पुढचा चिमटा, हँडल, सीटचा दांडा व चाकांच्या रिमासुद्धां याच द्रव्याच्या होत्या.

हें सर्व केवळ श्रीमंतांचें वेड आहे असें आम्हीं म्हणून पाहिलें. त्यावर पुतण्यानें आम्हांस शर्यतींचा इतिहास ऐकविला. १९८६ सालीं ग्रेग लेमाँड हा अमेरिकन स्वार कार्बनच्या सांगाड्यावर बसून फ्रान्सची मोठी शर्यत जिंकला. १९९२ सालीं बार्सिलोनाच्या ऑलिंपिकमध्यें ख्रिस बोर्डमन यानें अखंड कार्बनच्या, विमानाच्या पंखासारख्या दिसणाऱ्या सायकलीवर सुवर्णपदक मिळविलें. पुढें सायकली इतक्या हलक्या होऊं लागल्या कीं, २००० सालापासून आंतरराष्ट्रीय संघटनेनें ६.८ किलोंहून हलकी सायकल शर्यतींत आणण्यास मनाई केली. जास्त वजनाबद्दल दंड भरणारे ट्रकवाले आम्हांस ठाऊक होते. कमी वजनाबद्दल बंदी ही गोष्ट आम्हीं प्रथमच ऐकली. त्याच्या खोलींत चित्र असतें तें मात्र परदेशी स्वाराचें नव्हे, नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांचें. २०१७ सालीं त्यांनीं अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची सुमारें ४,८०० किलोमीटरची शर्यत बारा दिवसांच्या मुदतींत एकट्यानें पुरी केली, आणि २०१८ सालीं मॉस्कोपासून व्लाडिवोस्टोकपर्यंतचें ९,००० किलोमीटरांहून अधिक अंतर तोडलें. आमच्या विदर्भाचा मनुष्य सैबेरिया ओलांडून गेला हें ऐकल्यावर वादाची आमची हौस बरीच कमी झाली.

तरी एका गोष्टीवर आम्हीं हार मानली नाहीं. "असला पदार्थ निसर्गांत नाहीं," असें तो म्हणतांच आम्हीं त्यास परसांत नेलें आणि बांबूचा एक तुकडा आडवा कापून भिंगाखालीं धरावयास दिला. बांबूच्या कापावर काळसर ठिपके दिसतात; ती तंतूंच्या जुड्यांचीं टोकें होत. आंतल्या बाजूस ते विरळ, सालीकडे अगदीं दाट. कारण वाऱ्यानें वांकतांना बाहेरच्या थरावरच अधिक ताण येतो. नळी पोकळ, तंतु लांबीनें, मध्यें त्यांस बांधणारा मृदु पदार्थ, आणि नळी दबूं नये म्हणून ठरावीक अंतरावर पेर. साच्यांत माणूस जें मांडतो, तें येथें मृगाच्या पावसानंतर आपोआप वर येतें. इतकेंच नव्हे, तर १८८० सालीं एडिसननें दिव्याच्या तारेसाठीं अनेक वनस्पतींचे तंतु जाळून पाहिले, तेव्हां हजार तासांहून अधिक टिकला तो जपानांतील बांबूपासून केलेला कार्बनचा तंतु. तेव्हां पुतण्याच्या काळ्या सायकलीच्या वंशावळींत एक बांबू आहे, हें त्यास मान्य करावें लागलें. "म्हणजे बांबूची सायकलही होईल," असें सौ. सहज म्हणाल्या. ती झालेली आहे. इंग्लंडांत १८९० नंतरच्या दशकांत ती विकली जात होती. अमेरिकेंत क्रेग कॅल्फी हा कार्बनचे सांगाडे करणारा कारागीरच पुढें बांबूकडे वळला. आणि पुण्यांत हवाई दलांतील निवृत्त अधिकारी शशिशेखर पाठक यांनीं 'बांबूची' या नांवानें तो उद्योग केला.

अशा गप्पांत आठ दिवस गेले. चार दिवसांसाठीं आलेला मुलगा आठवा दिवस उजाडला तरी परत जाण्याची गोष्ट काढीना, हें आमच्या ध्यानांत आलें नाहीं असें नव्हे. "नोकरी कशी काय?" असें आम्हीं विचारलें कीं तो म्हणे, "सगळें ठीक आहे, काका." नागपुराहून आमच्या धाकट्या बंधूंचा फोन येई, त्यांनाही तेंच उत्तर मिळे. उत्तर तत्पर होतें, हंसतमुख होतें, आणि दर वेळीं अगदीं त्याच शब्दांत होतें. आम्हीं पुढें विचारलें नाहीं. विचारलें असतें तर कांहीं ऐकावें लागलें असतें, आणि ऐकल्यावर कांहीं करावें लागलें असतें. पाहुण्याच्या गुणांत राहून आपल्या आळसास सभ्यता हें नांव देणें किती सोपें असतें!

नवव्या दिवशीं सकाळीं तो चिचपल्लीच्या वाटेनें गेला. जंगलाच्या भागांत रस्त्यावर एकाएकीं रानडुक्कर आडवें आलें. त्यास चुकवितांना सायकल घसरली व मोरीच्या कठड्यावर आदळली. गुडघा व कोपर खरचटून तो घरीं आला. सायकलीस कांहींच झालें नव्हतें. खालच्या नळीवर रंगाचा बोटभर ओरखडा, एवढेंच. न पोचा, न चीर, न वांक. दुसऱ्या दिवशीं गडचिरोलीवरून धानोऱ्याकडे मेंढा-लेखा पाहावयास जावयाचें, आणि पुढच्या आठवड्यांत नागपुरास दोनशें किलोमीटरच्या फेरींत भाग घ्यावयाचा, हा त्याचा बेत कायम राहिला. मेंढ्यास जाण्याचा सल्ला आमचाच होता. २००९ सालीं ज्या गांवानें आपल्या जंगलावरचा सामूहिक हक्क मिळविला आणि २०११ सालीं ज्याच्या ग्रामसभेच्या हातीं बांबूच्या वाहतुकीचा परवाना आला, तें गांव बांबूची थोरवी ऐकून घेतल्यावर त्यानें पाहावें, असें आम्हांस वाटत होतें.

त्या दुपारीं संक्रांतीच्या वाणासाठीं सांगितलेलीं सुपें आणावयास आम्ही बुरडांच्या मोहल्ल्यांत निघालों; पुतण्याही सायकल हातीं धरून बरोबर आला. म्हातारा बुरूड अंगणांत नवे बांबू निवडीत बसला होता. हिरवा बांबू त्यास मिळतो तो मोजका, आणि एक जरी आंतून किडका निघाला तरी दिवसाची मजुरी बुडते. म्हणून तो प्रत्येक बांबू मांडीवर घेऊन कोयत्याच्या पाठीनें पेरापेरावर हलकेंच वाजवी, कान तिरपा करी, आणि उजवीकडे किंवा डावीकडे टाकी. आम्हीं सहज गंमत म्हणून म्हटलें, "या सायकलीचा बांबू कसा आहे तो सांगा."

त्यानें कोयता खालीं ठेवला. "हे कोनता बांबू व्हय जी?" असें हंसत म्हणून त्यानें मधल्या बोटाचें नख नळीवर वाजविण्यास आरंभ केला. वरची नळी टणटण बोलली. मागच्या काड्या बोलल्या. मग खालच्या नळीवरून त्याचें बोट ओरखड्याच्या दिशेनें सरकूं लागलें, आणि ओरखड्याच्या पलीकडे, जेथें रंगही उडाला नव्हता अशा जागीं, आवाज एकदम बसला. भिजल्या लांकडावर वाजवावें तसा. त्यानें पुनः वाजविलें. हंसणें थांबवून तो म्हणाला, "इथं जीव नाई जी, गुरुजी. आंदर सुटला हाय."

पुतण्याचा चेहरा उतरला. त्यानें खिशांतून एक नाणें काढलें व स्वतः वाजवून पाहिलें. पुढें त्यानेंच सांगितलें कीं, कार्बनच्या सांगाड्याची पहिली परीक्षा अशीच नाण्यानें वाजवून करतात, हें त्यास ठाऊक होतें. घरीं आल्याबरोबर तें करावयास हवें होतें, हेंही ठाऊक होतें. त्यानें तें केलें नव्हतें.

आमच्या वडिलांची सायकल एकदां बैलगाडीवर आदळली होती. तिचा चिमटा इतका वांकला कीं, रस्त्यानें जाणाऱ्या पोरालाही तो दिसे. लोहारानें तो तापवून सरळ केला, व ती पुढें कित्येक वर्षें चालली. पोलाद दुखावलें तर तें वांकतें, पोचतें, आपलें दुखणें चारचौघांत दाखवितें. कार्बनचें तसें नाहीं. मार बसला तर त्याचे आंतले पापुद्रे एकमेकांपासून सुटतात आणि वरची कातडी तुकतुकीत राहते. मग एखाद्या दिवशीं, पूर्ण जोरांत, उतारावर, तो पूर्वसूचना न देतां तुटतो. ज्या कडकपणामुळें तो स्वाराच्या पायाचा जोर यत्किंचितही वायां जाऊं देत नाहीं, तोच कडकपणा त्यास वांकूं देत नाहीं. हा त्या पदार्थाचा दोष म्हणतां येत नाहीं. त्याचा स्वभावच तसा. परंतु असल्या वस्तूस नुसतें पाहून समाधान मानणाऱ्याचा दोष मात्र नक्कीच आहे.

त्या रात्रीं जेवणें झाल्यावर आम्ही पडवींत बसलों होतों. दोन्ही सायकली भिंतीशीं उभ्या होत्या. "सगळें ठीक आहे ना?" हा आमचा नेहमींचा प्रश्न ओठांवर आला होता, तो गिळून आम्हीं निराळा प्रश्न केला. "नोकरी केव्हां सुटली?" पुष्कळ वेळ तो बोलला नाहीं. मग म्हणाला, "गणपतींत."

चार महिने! चार महिने हा मुलगा पुण्यास एकट्यानें राहून, दर रविवारीं बापाशीं फोनवर बोलून, सगळें ठीक असल्याचें सांगत होता. सायकल त्यानें नोकरी असतांना हप्त्यांवर घेतली होती; ती विकावी तर नोकरी गेल्याचें कबूल करावें लागेल, न विकावी तर हप्ते थांबत नाहींत. पडल्यावर ती वाजवून पाहण्याचें धैर्य त्यास कां झालें नाहीं, हें आतां आम्हांस कळलें. आणि आमचें काय? एका अनोळखी म्हाताऱ्यानें त्याच्या सायकलीची जेवढी विचारपूस केली, तेवढी त्याच्या सख्ख्या चुलत्यानें नऊ दिवसांत त्याची केली नव्हती. तो पडला नसता, किंवा आम्हीं सुपें दुसऱ्या दिवशीं आणावयाचें ठरविलें असतें, तर पहांटे तो त्याच सायकलीवर बसून गेला असता, आणि आम्हीं दारांत उभें राहून त्यास 'सावकाश जा' म्हणून सांगितलें असतें.

बंधूंना फोन आम्हीं करावा असें तो म्हणाला. आम्हीं नकार दिला. परंतु तो बोलत असतां जवळ बसून राहिलों. पलीकडून बराच वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. रागावण्याचीच सर्वांस अपेक्षा होती. शेवटीं बंधु एवढेंच म्हणाले, "जेवतोस ना रे वेळेवर?" त्यावर मुलास रडूं कोसळलें, आणि आम्ही पाणी आणण्याच्या निमित्तानें आंत गेलों.

धानोऱ्याचा बेत राहिला. नागपूरची फेरीही राहिली. सांगाडा पुण्यास एका कारागिराकडे गेला. तेथें त्यानें मनुष्याच्या कानास ऐकूं न येणाऱ्या ध्वनिलहरी नळींत सोडून तपासणी केली. म्हणजे तेथेंही परीक्षा नादाचीच! बुरडानें बोट ठेवलें त्याच जागीं पापुद्रे सुटलेले निघाले. कार्बनची ही एक गोष्ट आम्हांस आवडली कीं, तो मोडला तरी टाकावा लागतोच असें नाहीं. सुटलेला भाग उतरता घांसून काढतात, मूळच्या दिशांनीं नवे पापुद्रे घालतात, राळ भरून दाबतात व पुनः तापवितात. काम जाणत्यानें केलें तर सांधा पुनः भार घेतो. वजनांत मात्र थोड्या ग्रॅमांची भर पडते. ती भर पुतण्यानें तक्रार न करतां सोसली.

त्यास नोकरी लगेच लागली नाहीं. हप्तेही चालूच आहेत. कांहीं त्याचे वडील भरतात, व तें तो आतां कोणापासून लपवीत नाहीं. परवां त्यानें दुरुस्त केलेल्या सांगाड्याचें छायाचित्र आमच्या फोनवर पाठविलें. कारागिरानें रंग देऊं केला होता. यानें नको म्हटलें. लाल नळीवर वीतभर काळा पट्टा तसाच उघडा आहे, आणि त्यांतील तिरपे तंतु डोळ्यांना दिसतात.

तें छायाचित्र आम्हीं बुरडांच्या मोहल्ल्यांत नेऊन म्हाताऱ्यास दाखविलें. त्या दिवशींच्या परीक्षेचे पैसे त्यानें घेतले नव्हते. "एक टोपलं घ्या जी," एवढेंच म्हणाला होता, व तें आम्हीं घेतलें होतें. त्यानें फोन उन्हापासून आड धरला, काळ्या पट्ट्याकडे बराच वेळ पाहिलें, आणि संवयीनें त्यावर नख वाजविलें. मग स्वतःच हंसून फोन परत देत म्हणाला, "सांधा दिसते जी. बरं केलं."